न्यू जर्सीत गांज्याचं दुकान काढायचंय? आधी स्वतःची इमिग्रेशनची फाइल उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत सहा वर्षं झाली, नोकरी एच-वन-बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत उभे आहात, हाताशी दीडेक लाख डॉलर साठलेत. इथे गांजा कायदेशीर झालाय, तर मित्राबरोबर छोटं दुकान काढावं का, आणि लायसन्स कसं मिळतं?

काढू नका. मित्राच्या नावावर पैसे लावून नको, बायकोला भागीदार करून तर मुळीच नको.

मी स्वतः असं दुकान चालवतो. २०२४ पासून, मध्य जर्सीत, एका भागीदाराबरोबर. त्याआधी बारा वर्षं दूध-ब्रेड-लॉटरीचं दुकान होतं. त्यामुळे हे हेवा म्हणून किंवा सोवळ्यात बसून सांगत नाहीये. आम्ही दोघं सिटिझन आहोत, तुम्ही नाही, एवढाच फरक आहे आणि तोच सगळं ठरवतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये इथे मतदान झालं, दोन तृतीयांश लोकांनी होकार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये गव्हर्नर फिल मर्फींनी कायद्यावर सही केली आणि २१ एप्रिल २०२२ ला एकवीस वर्षांवरच्या कुणालाही विक्री सुरू झाली. पण हा सगळा राज्याचा मामला. व्हिसा, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप केंद्राच्या हातात, आणि केंद्र १९७० च्या अमली पदार्थांच्या कायद्याने चालतं. नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या यूएससीआयएसने एप्रिल २०१९ मध्ये लेखी सांगून टाकलं की राज्यात कायदेशीर असला तरी गांज्याच्या धंद्यातला सहभाग ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे, हा माणूस अमली पदार्थांच्या व्यापारात आहे असं मानायला अधिकाऱ्याला सबळ कारण दिसलं तरी दार बंद होऊ शकतं. खटला, शिक्षा काही झालेलं असावं लागत नाही. जाणूनबुजून त्या पैशावर जगलेल्या बायकोमुलांनाही मागच्या पाच वर्षांपुरतं तेच कलम लागू शकतं. त्यात आपला एनडीपीएस, म्हणजे भारताचा अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. तो भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगा दुकानात आला. पुण्याचा, इथे मास्टर्स करत होता. आयडी दाखवून आत आला, माझं आडनाव काउंटरमागच्या फ्रेममध्ये वाचलं आणि थेट मराठीत, ‘काका, वीकेंडला बडटेंडरचं काम मिळेल का?’ बडटेंडर म्हणजे काउंटरवर माल दाखवणारा. पोरगा चुणचुणीत होता, मला गरजही होती. मी त्याला बाहेर पार्किंगमध्ये नेलं आणि सांगितलं की तुझा रेझ्युमे मी घेतलासुद्धा नाही असं समज. त्याला राग आला असावा. ‘पण हे लीगल आहे ना?’ असं दोनदा म्हणाला.

तेव्हा तुमच्यापुरतं उत्तर संपलं. एकदा इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारा, तोही हेच सांगेल. पुढचं तुमच्या मित्रासाठी, त्याचा पासपोर्ट अमेरिकन असेल तर.

लायसन्स हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, हे ऐकून लोकांना धक्का बसतो. राज्याचं कॅनाबिस रेग्युलेटरी कमिशन सहा प्रकारची लायसन्सं देतं: पिकवणं, त्याचे पदार्थ बनवणं, घाऊक विक्री, वाहतूक, किरकोळ दुकान आणि घरपोच. (घरी कुंडीत एक रोप लावायलाही परवानगी नाही, तेव्हा तो विचार सोडा.) लहान माणसासाठी मायक्रोबिझनेस नावाची सोय आहे: जास्तीत जास्त दहा कामगार, अडीच हजार चौरस फूट जागा. मालक सगळेच्या सगळे किमान सलग दोन वर्षं न्यू जर्सीत राहणारे हवेत. अर्ज करताना फी शंभर डॉलर इतकी कमी. आधी ‘कंडिशनल’ लायसन्स मिळतं, त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे, एकट्याला दोन लाख आणि जोडप्याला मिळून चार लाख डॉलर. मग १२० दिवसांत जागा, गावाची मंजुरी आणि बाकीचे कागद जमवून ते पूर्ण लायसन्समध्ये बदलून घ्यायचं. आम्हाला मुदतवाढ मागावी लागली. ज्याला लागली नाही असा माणूस मला अजून भेटायचाय.

कारण अडतं ते गावात. कायदा झाल्यावर प्रत्येक टाउनला २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत नको म्हणायची मुभा होती आणि दोन तृतीयांशांहून जास्त टाउननी नको म्हटलं. मतदानात हो म्हणणारीच माणसं, फक्त दुकान शेजारच्या गावात हवं. उरलेल्या गावांत मोजकीच दुकानं, तीही अमुक रस्त्यावर, शाळेपासून तमुक अंतरावर. म्हणजे चालणारे गाळे आधीच मोजके, आणि ते कुठले हे गाळेमालकांना तुमच्याआधी माहीत. शिवाय ज्या इमारतीवर बँकेचं कर्ज आहे तिथे बँक हरकत घेऊ शकते. आमच्या पहिल्या गाळेमालकाने हातात हात देऊन तीन आठवड्यांनी नाही म्हटलं ते यामुळेच. दुसरा मिळाला तो पूर्वी गालिच्यांचं दुकान असलेला गाळा. भाडं महिना साडेपाच हजार, आणि दार उघडायच्या आधी एकोणीस महिने भरलं. गुणाकार करून बघा. तुमच्या दीड लाखांपैकी एक लाख साडेचार हजार रिकाम्या भिंतींवर गेले असते.

प्लॅनिंग बोर्डाच्या सभेत चाळीस मिनिटं निव्वळ वासावर चर्चा झाली. माल सीलबंद येतो, इथे कुणी काही पेटवणार नाही, हे आमच्या वकिलाने तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. शेवटी कार्बन फिल्टर लावायचं कबूल केलं तेव्हा विषय पार्किंगकडे सरकला.

आता खरा मार बसतो तो कराचा. केंद्राच्या करकायद्यात २८०-ई नावाचं कलम आहे, १९८२ चं. मिनियापोलिसमधल्या एका ड्रग विकणाऱ्याने कोर्टात जाऊन धंद्याचे खर्च वजा करून मिळवले, त्यावर चिडून संसदेने ते आणलं. केंद्राच्या सगळ्यात कडक अशा पहिल्या दोन याद्यांतले अमली पदार्थ (गांजा पहिल्या यादीत टाकलेला) विकणाऱ्याला मालाच्या किमतीशिवाय काहीही वजा करता येणार नाही. समजा वर्षाला दहा लाखांची विक्री, माल साडेपाच लाखांचा, भाडं-पगार-विमा-सिक्युरिटी मिळून चार लाख. खरा नफा पन्नास हजार. साध्या कंपनीला २१ टक्क्यांनी साडेदहा हजार कर बसेल. आम्हाला कर बसतो साडेचार लाखांवर, म्हणजे साडेचौऱ्याण्णव हजार. नफा पन्नास, कर चौऱ्याण्णव! माझ्या सीपीएने, म्हणजे कराचे हिशेब बघणाऱ्या अकाउंटंटने, पहिल्यांदा हे कागदावर लिहून दाखवलं तेव्हा मी त्याला बेरीज तपासायला सांगितली होती. न्यू जर्सीने २०२३ मध्ये राज्याच्या करापुरती ही अट काढली, तेवढाच दिलासा. गांजा केंद्राच्या खालच्या, कमी कडक यादीत टाकायचा प्रस्ताव २०२४ मध्ये आला. तुमच्या दुकानाला तो बदल लागू होत असेल तर हे गणित बदलतं, म्हणून मित्राला म्हणावं, गाळा बघायच्या आधी सीपीए गाठ, आणि तो या धंद्याचे हिशेब केलेलाच हवा.

बँकेचं रडगाणं थोडक्यात सांगतो. व्हिसा, मास्टरकार्डची क्रेडिट कार्डं चालत नाहीत, म्हणून गल्ल्यात रोकड. खातं उघडणारी पतसंस्था सापडते, पण ती नुसतं खातं ठेवायचे दर महिन्याला पैसे घेते. माझ्या जुन्या किराणा दुकानाचं बँक खातंसुद्धा, जिथे मी बारा वर्षं एकही चेक बाउन्स केला नाही, एका पत्रात बंद झालं. कारण लिहिलेलं नव्हतं.

आणि रोजची कटकट म्हणजे टॅग. प्रत्येक पाकिटाच्या मालाचा नंबर राज्याने ठरवून दिलेल्या मेट्रक नावाच्या प्रणालीत असतो, रोपापासून गिऱ्हाइकाच्या पिशवीपर्यंत. एका शुक्रवारी रात्री मोजणीत गमीजची, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्यांची, एक डबी कमी आली. किराणा दुकानात मी चॉकलेटचा खोकाच्या खोका उंदरांच्या नावावर टाकला असता. इथे मी आणि भागीदार गुडघ्यांवर, हातात टॉर्च. रात्री दीड वाजता ती डबी ड्रॉवरच्या मागे, रुळाच्या फटीत उभी सापडली. वीस डॉलरचा माल.

तुम्ही शेवटी हेही विचारलंय की दुकानाला शंकराचं नाव दिलं तर आपली माणसं येतील का. आपली माणसं येतात, पण दोन गावं सोडून राहणारी, आणि देवळात भेटली की ओळख दाखवत नाहीत. नाव देवाचं नको. मला पहिल्यांदा तेच सुचलं होतं, बायको म्हणाली पाटी लावलीस तर मी त्या रस्त्याने जाणार नाही. आमचं दुकान आता रस्त्याच्या नंबरानेच ओळखलं जातं. विम्याच्या कागदावर तेच बरं दिसतं, आणि सातारला आईला फोनवर ‘औषधी वनस्पतींचं’ म्हणून सांगितलंय त्याच्याशीही त्याचा काही झगडा होत नाही.