आगेरा म्हणजे काय? शेती नसलेल्या मुंबईतल्या पॅरिशमध्येही (म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) तो का होतो?

आगेरा हा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसई भागातल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाचा सुगीचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, भात पिकायला लागलं की करतात. मूळ कल्पना बायबलमधलीच: लेवीय 23 मध्ये पिकाची पहिली पेंढी याजकाकडे आणायला सांगितलंय. गोव्यात हाच विधी आधी उरकतो. राय गावात 5 ऑगस्टला, ताळगावात 21 ऑगस्टला.

गावच्या क्रुसाजवळ फादर लोंब्यांवर आशीर्वादाची प्रार्थना म्हणतात, मग लुगडं नेसलेल्या बायका आणि बँडसकट मिरवणूक चर्चमध्ये मिस्साला (मुख्य उपासनेला) जाते. नंतर प्रत्येक घराला एकदोन लोंब्या मिळतात. काही घरांत त्यातले चार दाणे सोलून त्या दिवशीच्या भातात घालतात, उरलेली लोंबी देव्हाऱ्यातल्या क्रुसाला अडकवतात.

आता शहरातल्या बहुतेक गावठाणांची शेतं इमारतींखाली गेली. लोंब्या बाहेरून मागवाव्या लागतात, हे खरंच. पण तेवढ्यावरून आगेऱ्याला नुसता देखावा म्हणणं मला पटत नाही. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथलेच शेतकरी आणि कोळी. भाताबद्दल देवाचे आभार मानायला सातबारा लागत नाही.