लाट फुटते, तरंग विरतो

परळच्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'ध्वनितरंग' आहेत, भूगोलाच्या पुस्तकात 'भूकंपलहरी' आहेत आणि पावसाळ्यात टीव्हीवर 'साडेचार मीटर उंचीच्या लाटा' असतात. ती विचारते, हे सगळं एकच का? आणि एकच असेल, तर पेपरात काय लिहायचं?

पेपराचं आधी उरकू. ज्या विषयाच्या पुस्तकात जो शब्द आहे, तो लिहावा. तरंग आणि लहर दोन्ही संस्कृतातून आलेले, आणि दोन्हींचा मूळ अर्थ पाण्यावरची लाट हाच. विज्ञानाच्या पुस्तकांनी तरंग उचलला, त्यावरून तरंगलांबी आली. भूगोलाच्या पुस्तकांनी लहरी ठेवल्या. उद्या तिने 'ध्वनिलहरी' लिहिलं तर विज्ञान काही बिघडत नाही.

मात्र 'लाट' या दोघांपासून वेगळी आहे, आणि ते आपल्याला क्रियापदांवरून कळतं. लाट उसळते, आदळते, फुटते, ओसरते. तरंग उठतो, उमटतो, विरतो. 'तरंग आदळला' असं कुणी म्हणत नाही. लहर तर अंगातून जाते: आनंदाची लहर, साप चावलेल्याला येणारी विषाची लहर, आणि मनात अचानक येते तीही लहरच.

हा फरक नुसता कानाचा नाही. दादर चौपाटीवर भरतीच्या वेळी उभं राहून पाण्यात गेलेलं झेंडूचं एखादं फूल बघावं. फूल लांब असतं तेव्हा पाण्याचा उंचवटा त्याच्याखालून निघून किनाऱ्याकडे येतो आणि फूल जवळपास तिथंच राहतं. वर जातं, थोडं पुढे सरकतं, खाली येतं, मागे जातं. त्याच्याभोवतीचं पाणीही असंच गोल फिरत असतं. किनाऱ्याकडे येतो तो फक्त हेलकावा. 'तरंगणे' हे क्रियापद 'तरंग'च्या इतकं जवळ आहे, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं. पुढे तळ वर येतो, पाणी उथळ होतं, खालचा भाग रेंगाळतो, माथा पुढे झुकतो आणि कोसळतो. आता मात्र पाणी स्वतः धावतं आणि फूल तुमच्या पायाशी येऊन पडतं. जिथं फूल हललं पण आलं नाही, तिथं तरंग. जिथं पाण्यासकट अंगावर आलं, तिथं लाट. मराठीने ही सीमा कुणी न शिकवता आखून ठेवली आहे.

भूकंपाचंही तसंच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तो मुंबईतही जाणवला. कोयनेची माती मुंबईत आली नाही, हादरा आला. तेव्हा 'भूकंपलहरी' हा शब्द अगदी योग्य. 'भूकंपाची लाट' कानालाच खटकते. रेडिओच्या बाबतीत तर हलायला पाणी नाही, माती नाही, हवेचीही गरज नाही. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रंच हेलकावतात. आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीची '५३७.६ मीटर म्हणजे ५५८ किलोहर्ट्झ' ही घोषणा अनेकांना पाठ असेल. त्यातले मीटर म्हणजे तरंगलांबी: प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागा, जवळपास हाच आकडा येतो.

उलट 'उष्णतेची लाट' आणि 'थंडीची लाट' यांत भौतिकशास्त्राच्या अर्थाने तरंग शोधू नये. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंश किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल, तर हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. मुंबईत हे बहुधा जमिनीकडचे तापलेले वारे वाहतात आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो तेव्हा घडतं. म्हणजे गरम हवा स्वतः येऊन अंगावर आदळते. लाट हाच शब्द हवा.

आता टीव्हीवरच्या साडेचार मीटरकडे येतो, कारण हा घोटाळा मला खरंच सलतो. तो आकडा लाटेचा नाही, भरतीचा आहे. नौकानयनाच्या नकाशांत जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीची पातळी शून्य धरतात. तिथून पाणी किती चढणार, ते हा आकडा सांगतो. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा त्या चढलेल्या पाण्यावर आणखी वेगळ्या. बातमी ऐकून लोक वरळीला दीड मजली लाट बघायला जातात. समुद्र शांत असेल तर पाणी गुपचूप वर येतं आणि ते घरी परततात, पुढच्या खेपेला इशारा मनावर घेत नाहीत. त्याच भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला, तर नाल्यांतलं पाणी समुद्रात उतरत नाही आणि हिंदमातासारखा सखल भाग तुंबतो. धोका त्यात आहे. गंमत अशी की शास्त्रज्ञांच्या लेखी भरतीसुद्धा तरंगच आहे, दोन माथ्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं घेणारा, खोल समुद्रात हजारो किलोमीटर लांबीचा. पण ती फुटत नाही, तिला लाट म्हणू नये. 'साडेचार मीटरची भरती' एवढंच लिहावं. कोळी बांधवांकडे तर मोठ्या भरतीला 'उधाण' आणि लहान भरतीला 'भांग' असे नेमके शब्द आहेतच.

मुलीला आणखी दोन गोष्टी सांगा. 'सूक्ष्मलहरी'तल्या सूक्ष्मवर जाऊ नको. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमधली तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते, प्रकाशाच्या तुलनेत ती लाखो पट लांब. आणि तरंग पुल्लिंगी आहे: एक तरंग, अनेक तरंग. 'तरंगे' हे हिंदीच्या वळणाने आलेलं रूप आहे, तिथं मात्र गुण कापले तर तक्रार करू नये.