रनआउट म्हणजे नुसतं धावचीत नव्हे

तुम्ही विचारलंय की इंग्रजीतल्या 'रन' या एका शब्दाला इतके अर्थ कसे, आणि ते पाठ करायला चांगली यादी कुठे मिळेल. यादीचं आधी सांगतो: यादीच्या नादी लागू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या संपादकांनी हा शब्द नव्याने तपासला, तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ निघाले. 1989 च्या आवृत्तीत 'सेट' हा शब्द 430 अर्थांनिशी सगळ्यांच्या पुढे होता, त्यालाही 'रन'ने मागे टाकलं. रोज दहा पाठ केलेत तरी दोन महिन्यांच्या वर जातील, आणि शेवटच्या दहापर्यंत पोचाल तेव्हा पहिले दहा डोक्यातून गेलेले असतील.

याच शब्दापायी माझी पहिली नोकरी हातची गेली, म्हणून लिहायला बसलोय.

1996 साल. मी आयटीआयमधून टर्नर ट्रेड, म्हणजे लेथ मशीनवर धातू फिरवत कापायचं काम, शिकून बाहेर पडलो होतो. भोसरीतल्या एका कंपनीत मुलाखत होती. टेबलापलीकडे तिघं बसलेले. एकाने इंग्रजीत विचारलं, रनआउट म्हणजे काय? क्रिकेट सोडून दुसरा रनआउट मी आयुष्यात ऐकला नव्हता. रेडिओवरचं मराठी समालोचन ऐकत वाढलो, त्यामुळे डोक्यात शब्द आला तो 'धावचीत'. जुळेल तशा इंग्रजीत सांगितलं की फलंदाज क्रीझमध्ये पोचायच्या आत यष्टी उडाली की तो रनआउट. तिघंही हसले. एक जण मराठीत म्हणाला, "मराठी मीडियम ना?" आणि माझी फाइल बाजूला ठेवली.

ते विचारत होते ती गोष्ट मी पंधरा दिवसांपूर्वी प्रॅक्टिकलला करून दाखवली होती. लेथच्या चार जबड्यांच्या पकडीत, म्हणजे फोर-जॉ चकमध्ये, जॉब म्हणजे कापायचा धातूचा तुकडा धरायचा, मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापाचं साधन, बसवायचा, त्याचं टोक जॉबला टेकवायचं आणि चक हाताने सावकाश फिरवायचा. काटा हलतो. एक घर म्हणजे 0.01 मिलिमीटर. एका फेऱ्यात काटा आठ घरं पुढेमागे झाला, तर जॉबचा मध्य चार घरं सरकलेला आहे. मग काटा जिथे सगळ्यात पुढे जातो तिथला जॉ बघायचा, त्याच्या समोरचा जरासा ढिला करायचा आणि हा आवळायचा. परत फेरा, परत बघायचं. माझा काटा शेवटी एका घराच्या आत आला होता. पण आमच्याकडे याला सगळे "जॉब आउट फिरतोय" म्हणायचे. रनआउट हा शब्द वर्गात कुणी उच्चारलाच नव्हता.

पुढे एका लहान वर्कशॉपमध्ये लागलो. तिथले मिस्त्री कोल्हापूरकडचे, चौथी शिकलेले. एका ड्रॉइंगवर रनआउट 0.02 असं लिहिलेलं बघून माझा चेहरा उतरला, ते त्यांनी ओळखलं. म्हणाले, "अरे सोप्पं आहे. रन म्हणजे फिरताना, आउट म्हणजे बाहेर. फिरताना बाहेर किती जातंय ते." त्याच ड्रॉइंगवर खाली आट्यांपाशी पुन्हा रनआउट लिहिलेलं होतं. मी विचारलं, इथे काय फिरतंय? त्यांनी एक बोल्ट हातात दिला आणि आटे संपतात तिथे नख फिरवायला सांगितलं. शेवटचा आटा उथळ उथळ होत नाहीसा होतो. "आटे कापणारं टूल इथून बाहेर निघालं. धावत धावत बाहेर." एका कागदावर एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि दोन्ही मला पाच मिनिटांत कळले. ते आजपर्यंत विसरलो नाही.

मिस्त्रींनी आधी फाउंड्रीत काम केलेलं. तिथला 'रनर' त्यांनीच समजावला: साच्यात ओतलेलं तापलेलं लोखंड ज्या पाटातून पोकळीकडे वाहतं तो. नंतर संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं सीएनसी मशीन आलं, त्यावर 'ड्राय रन'चं बटण होतं: जॉब न लावता प्रोग्रॅम नुसता फिरवून बघायचा. नव्या मोटरसायकलचं 'रनिंग-इन' म्हणजे सुरुवातीला गाडी जपून चालवायची, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांशी जुळून घेतात. आणि सुतार जे 'रनिंग फूट' म्हणतो, ती नुसती लांबी, रुंदी धरायची नाही.

आता तुमच्या 'का'बद्दल. या शब्दाच्या मुळात पळण्याइतकंच वाहणंही आहे. जर्मन भाषेतला त्याचा भाऊ 'रिनन', त्याचा अर्थ आजही वाहणं, पाझरणं असाच आहे. म्हणून इंग्रजीत नाक रन होतं, नळ रन होतो, कपड्याचा रंग रन होतो. पुढे यंत्रं आली आणि न थांबता चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तोच शब्द लागला. मराठीने तिथे वेगळं क्रियापद उचललं. आपलं मशीन चालतं, दुकान चालतं, बस चालते, घरखर्च चालतो. इंग्रजीत हे सगळं धावतं. हा एक सांधा लक्षात ठेवलात तर निम्मा 'रन' तिथेच सुटला.

आणि इतके अर्थ बघून घाबरायचं कशाला? आपला 'लागणे' बघा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, विहिरीला पाणी लागतं, दूध तळाला लागतं, तो माझा मामा लागतो. हे तुम्ही कुठल्या यादीतून शिकलात? आईने पातेलं उतरवताना "दूध लागलं गं" म्हटलं, तो करपट वास आला, आणि शब्द कळला.

हेच मी आमच्या दाजींना वीस वर्षं सांगतोय. ते इंग्रजीचे क्लास घेतात. मुलांना रोज वीस शब्द अर्थासकट घोकायला देतात, चुकला तर पन्नास वेळा लिहून आणायला लावतात. माझ्या भाच्याला 'रन'चे तीस अर्थ एका दमात म्हणता यायचे. तो माझ्या वर्कशॉपवर आला तेव्हा त्याला रनआउट विचारलं. त्याने सांगितलं, "संपणे." बरोबरच आहे, साखर संपते तेव्हा तसंच म्हणतात. पण डायलचा काटा त्याच्यासमोर हलत होता आणि त्याला काही जोडता येईना. पोराचा दोष नाही. दाजी म्हणतात, पाया पाठांतरानेच पक्का होतो. दाजी, पाढ्यांचा होतो, शब्दांचा होत नाही. शब्दाला वस्तू लागते.

आता मीच पोरांच्या मुलाखती घेतो. टेबलावर डायल गेज ठेवतो आणि मराठीत विचारतो, हे कशाला वापरतोस? गेल्या महिन्यात एक मुलगा म्हणाला, "जॉब किती आउट फिरतोय ते बघायला." त्याला कामावर घेतलं. रनआउट हा शब्द पहिल्या दिवशी ड्रॉइंगवर बोट ठेवून सांगितला.

एक मात्र खरं. तुम्ही स्पर्धा परीक्षेसाठी विचारत असाल तर माझ्यासारखं वस्तू समोर येण्याची वाट बघून भागणार नाही, थोडं लिहून काढावंच लागेल. तेव्हा सुटा अर्थ लिहू नका, अख्खं वाक्य लिहा. बँकेवर रन येतो म्हणजे घाबरलेले ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला रांगा लावतात. निवडणुकीला अमेरिकेत उमेदवार रन करतो, इंग्लंडमध्ये तोच स्टँड करतो, आणि आपल्याकडेही उमेदवार 'उभा'च राहतो. असे दिवसाला दोन पुरेत.