‘जशी आहे तशी’ घेतलेली गाडी आणि नोव्हेंबरमधली एक नोंद

प्रश्न : पुण्यातल्या एका विक्रेत्याकडून मार्चमध्ये सात वर्षं जुनी जर्मन स्पोर्ट्स कार ४२ लाखांना घेतली. गाडी आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर आहे, पण चालवतो मी आणि माझा मुलगा. एकोणिसाव्या दिवशी पुण्याहून कोल्हापूरला परतताना खंबाटकी घाटात गाडीने झटका दिला, डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा इशारा आला आणि गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जाईना. वर्कशॉपचं एस्टिमेट ११ लाख ४० हजारांचं आहे. विक्रेता म्हणतो, तुम्ही ‘जशी आहे तशी’ असं लिहिलेल्या कागदावर सही केली आहे. वर्कशॉपवाले तपासणीचे ३८ हजार आणि पार्किंगचे रोज १,५०० भरल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. ता. क. जुन्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोव्हेंबरची एक नोंद सापडली : ‘गिअर बदलताना झटका. मेकॅट्रॉनिक युनिट बदलण्याची सूचना. ग्राहकाचा नकार.’ (मेकॅट्रॉनिक युनिट म्हणजे गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारा भाग.) – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताजा कलम म्हणून शेवटी टाकलेलं वाक्यच तुमचा खटला आहे. ते नसतं, तर मी तुम्हाला मुकाट्याने दुरुस्ती करून घ्या म्हटलं असतं. सात वर्षांची ड्युअल-क्लच (दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची) गाडी बिघडली, एवढ्यावरून कायदा विक्रेत्याला धरत नाही. बिघाड त्याला ठाऊक होता आणि त्याने तो लपवला, हे दाखवता आलं तर मात्र धरतो. भारतीय करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे माहीत असलेली गोष्ट दडवणं ही फसवणूक आहे, आणि ‘जशी आहे तशी’ची सही अशा लपवाछपवीवर पांघरूण घालू शकत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा, की नोव्हेंबरमध्ये नकार देणारा तो ‘ग्राहक’ कोण? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी भरून तसं कळवावं लागतं. त्या फॉर्मवरची तारीख मिळवा. ती नोव्हेंबरच्या आधीची असेल, तर नकार विक्रेत्यानेच दिला असं धरायला भक्कम आधार मिळतो. डिसेंबरची असेल तर काम अवघड, पण संपलेलं नाही. वर्कशॉपकडून गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमधल्या बिघाड-कोडची (गाडीने स्वतः नोंदवलेल्या दोषांची) प्रिंट घ्या. विक्रेत्याची जाहिरात आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश जपून ठेवा, ‘एकही इश्यू नाही’ असं काही त्यात असेल तर विशेषच. हे पुराव्यात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. समोरचे वकील हमखास विचारतील की घेण्याआधी गाडी वर्कशॉपला का दाखवली नाही. प्रश्न बोचरा आहे, उत्तर आधीच तयार ठेवा.

आता एस्टिमेट. सोबत पाठवलेला कागद मी दोनदा वाचला. गिअरबॉक्सचे ७ लाख ८५ हजार, पुढच्या ब्रेक डिस्क-पॅडचे २ लाख १० हजार, गळक्या शॉक अॅब्सॉर्बरचे १ लाख ४५ हजार. शेवटच्या दोन्ही रकमा मागणीतून काढून टाका. डिस्क झिजतात, शॉक अॅब्सॉर्बर गळतात, आणि आपल्या स्पीडब्रेकरवर इतक्या बुटक्या गाडीचे तर लवकरच. झिजेचा खर्च मागायला गेलात की खरी मागणीही फुगवलेली वाटू लागते.

पूर्ण ४२ लाख परत मिळतील का? पर्यायी मागणी म्हणून लिहा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. दोष असलेला भाग बदलून भागत असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितलं आहे, तेही नव्या गाडीबद्दल.

कंपनीचं नाव ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. संचालकाच्या वापरासाठी कंपनीने घेतलेली महागडी गाडी ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, म्हणजे कंपनीही ग्राहक म्हणून तक्रार करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये म्हटलं आहे. मात्र तक्रार कंपनीच्या नावाने, संचालक मंडळाच्या ठरावासह करावी लागेल. दिलेली किंमत ५० लाखांच्या आत असल्याने तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाईल, आणि ती कोल्हापुरातच करता येईल. पुण्याच्या खेपा नकोत. फी १,००० रुपये, मुदत दोन वर्षं.

वर्कशॉपचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. जॉबकार्डवर (गाडी कामाला देताना वर्कशॉप भरून घेतं त्या कागदावर) तुमची सही असेल तर तपासणीच्या ३८ हजारांसाठी त्यांना करार कायद्याच्या कलम १७० खाली गाडी अडवता येते. ते ‘हरकतीसह’ असं लेखी कळवून भरून टाका. पार्किंगचं भाडं जॉबकार्डाच्या बारीक अक्षरांत कबूल केलेलं नसेल, तर त्यासाठी गाडी अडवून ठेवता येत नाही. आधी ते कार्ड उलटून पाहा.

‘गाडी खालून घासली असं सांगून विम्यातून काढून घ्या’ असं कुणी सुचवलं असेल, तर ऐकू नका. यांत्रिक बिघाड विम्यात बसत नाही, आणि खोटा दावा उघडकीला आला की ग्राहक आयोगातही तुमच्या शब्दाला किंमत उरणार नाही. फौजदारी तक्रारीचा विचार फॉर्म २९सी हाती आल्यावर करू.

गिअरबॉक्स मात्र आत्ता उघडू देऊ नका. विक्रेत्याला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, नोव्हेंबरच्या नोंदीची प्रत जोडा आणि १५ दिवसांत त्याच्या माणसासमोर संयुक्त तपासणीला बोलवा. तो आला नाही तर तज्ज्ञाकडून फोटोंसह अहवाल करून घ्या, मगच दुरुस्ती. काढलेलं मेकॅट्रॉनिक युनिट सीलबंद करून तुमच्याच ताब्यात ठेवा. वर्कशॉपवाले ‘जुना पार्ट गाडी बनवणाऱ्या कंपनीला परत जातो’ म्हणतील, म्हणून तो परत जाणार नाही हे त्यांच्याकडून आधीच ईमेलवर लिहून घ्या.