एरीवर वॉलआय लागत नाही? रंग राहू द्या, आधी खोली बघा

तुमची अडचण थोडक्यात अशी: अमेरिकेतल्या एरी सरोवरावर १९ फुटी बोट, जुलैत ओहायोतल्या लोरेनहून निघता, ४५ फूट पाण्यात गांडुळाचे हार्नेस (फिरतं चकाकतं ब्लेड आणि मागे गांडूळ लावलेले दोन गळ) ओढता. सोनारच्या (आवाजाच्या लहरींनी मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या) स्क्रीनवर मासे दिसतात, शेजारच्या बोटी वॉलआय हा गोड्या पाण्यातला मासा काढतात आणि तुम्हाला मात्र शीप्सहेडच लागतो. म्हणून आता वेगळ्या रंगांची डझनभर ब्लेडं घ्यावीत का, असं विचारताय.

घेऊ नका. शीप्सहेडनेच तुम्हाला अर्धं उत्तर दिलंय. तो तळाशी चरणारा मासा. शिंपले, अळ्या, गाळात मिळेल ते खातो. तोच सारखा लागतो याचा अर्थ तुमचं आमिष तळाच्या फार जवळून चाललंय. भर उन्हाळ्यात तुमच्या भागातले बरेचसे वॉलआय तळ सोडून अधांतरी फिरत असतात. आणि हा मासा वर झेप घेऊन खातो, खाली वाकून फारसा खात नाही. डोक्यावरून पाच फूट उंच गेलेलं आमिष तो चढून घेईल, पोटाखालून गेलेलं बघणारही नाही.

एरी पंचमहासरोवरांत सगळ्यांत उथळ, पण त्याचेही तीन तुकडे आहेत. टोलेडो ते सँडस्की हा पश्चिम भाग सरासरी २४ फूट, तुमचा मधला भाग साधारण ६० फूट, आणि पूर्वेला तळ २१० फुटांपर्यंत जातो. पश्चिमेला वारा सगळं पाणी ढवळून काढतो. पूर्वेला खाली गार पाण्याचा मोठा साठा असतो. मधल्या भागात मात्र वर गरम पाणी आणि तळाशी गार पाण्याचा पातळ थर. मेलेलं शेवाळ खाली जाऊन कुजतं आणि त्या पातळ थरातला प्राणवायू उन्हाळाभर कमी होत जातो. ऑगस्टअखेर मधल्या भागात कितीतरी ठिकाणी तळाशी मासा तग धरू शकत नाही. सोनारची संवेदनशीलता वाढवली की गरम आणि गार पाण्याची सीमा आडव्या धूसर पट्ट्यासारखी दिसते. ऑगस्टमध्ये त्या पट्ट्याखाली गळ सोडणं म्हणजे गांडुळं फुकट घालवणं.

स्क्रीनवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सोनारचा झोत शंकूसारखा खाली पसरतो. मासा शंकूच्या कडेला असेल तर तिरकं अंतर मोजलं जातं आणि तो आहे त्याहून खोल दिसतो. २० अंशांचा शंकू १५ फूट खोलीवर जेमतेम पाच फूट रुंद असतो, त्यामुळे वरच्या थरातले मासे त्यात सहसा सापडतच नाहीत. त्यात बोटीच्या आवाजाने ते आधीच बाजूला पांगलेले असतात. म्हणून तर प्लेनर बोर्ड, म्हणजे लाइनला अडकवायच्या तरंगत्या फळ्या, लावायचे. लाइन बोटीपासून दूर, न बिचकलेल्या पाण्यावर नेणं हेच त्यांचं काम.

आता पुढच्या खेपेला करायचं काय? सगळे रॉड एकाच खोलीवर लावू नका. बोर्डमागे ५० फूट लाइन सोडा, तिथे वजनाची क्लिप अडकवा, मग आणखी ५० फूट सोडा. एका रॉडला अर्धा औंस, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला दोन औंस. आमिषं आपोआप वेगवेगळ्या थरांत चालतील. डिप्सी डायव्हर (आमिष खोल आणि बाजूला नेणारी तबकडी) असेल तर तिच्यावरचा आकडा लक्षात ठेवा: १ वर तो जास्त खोल जातो, ३ वर जास्त बाजूला. विणलेली बारीक लाइन मोनोपेक्षा (एकेरी नायलॉन धाग्यापेक्षा) पाणी कमी अडवते, म्हणून तेवढ्याच लांबीत जास्त खोल उतरते. शेजाऱ्याने "८० फूट सोड" म्हटलं तर आधी त्याची लाइन कोणती ते विचारा. लाइन मोजणारं रील नसेल तर पैसे तिथे घाला. पहिला मासा आला की रीलवरचा आकडा लिहून ठेवा आणि बाकीचे रॉड हळूहळू त्या थरात आणा. रंगाचा विचार त्यानंतर.

खोलीखालोखाल महत्त्वाचा वेग. हार्नेस ताशी १ ते दीड मैलाने, स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) २ ते अडीच मैलाने. जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग दाखवतो, पण खाली प्रवाह असला तर आमिषाला लागणारं पाणी वेगळंच असतं. यावर उपाय सोपा: सरळ रेषेत जाऊ नका, लांब नागमोडी वळणं घ्या. वळताना आतल्या बाजूचा बोर्ड मंदावतो, बाहेरचा पळतो. आतल्याला मासा लागला तर वेग कमी करा, बाहेरच्याला लागला तर वाढवा. माझ्या मते ट्रोलिंगमधली (चालत्या बोटीमागे आमिष ओढण्यातली) ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित युक्ती.

गांडूळ गळावर सरळ ताणून लावा. पहिला गळ तोंडाच्या टोकातून, दुसरा त्याच्या मागे, मध्ये फुगवटा नको. लावल्यावर बोटीच्या कडेला पाण्यात धरून बघा. ब्लेड फिरायला हवं, गांडूळ नाही. तेच गरगरलं तर लाइनला पीळ पडतो आणि मासा फिरकत नाही. वॉलआय लागला की बोर्ड दर वेळी दणकन मागे जात नाही. बाकीच्यांच्या रांगेतून नुसता मागे पडत राहतो, कंटाळलेल्या पोरासारखा. थांबून झटका देऊ नका. बोट हळू चालू ठेवा, रॉड वाकलेला ठेवा, सावकाश ओढा आणि तोंडाच्या बाजूने जाळीत घ्या.

वाऱ्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. उथळ पाण्यामुळे इथल्या लाटा आखूड आणि उभ्या असतात, एक ओसरेपर्यंत दुसरी अंगावर. किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या हवामान अंदाजात लाटा दोन फुटांच्या वर असतील तर तुमच्या बोटीने पाच-सहा मैल आत जाऊ नये. शेजारच्या २७ फुटी बोटी गेल्या तरीही.

खायला कसा, हेही विचारलंत. पांढरं, घट्ट, जवळजवळ बिनवासाचं मांस. सुरमईची चव शोधाल तर निराश व्हाल, पण आलं-लसूण, हळद, तिखट आणि आगळ लावून रव्यात तळला तर ताटात उरत नाही. फिलेट काढताना गालाचे दोन गोल तुकडे फेकू नका, सगळ्यांत गोड तेच. खाण्यासाठी मधल्या आकाराचे ठेवा. मोठ्या, म्हाताऱ्या माशांत पारा जास्त साठतो. माशांत पारा सापडल्यामुळेच १९७० मध्ये इथली मासेमारी बंद ठेवावी लागली होती. आज पाण्याची स्थिती कितीतरी सुधारलीय, पण हा नियम अजून पाळावा.

ओहायोच्या पाण्यात सध्या माणशी दिवसाला सहा वॉलआय आणि किमान १५ इंच. मोजपट्टी बोटीतच चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा मासा कुठल्या रॉडला, किती लाइनवर आणि किती वेगाला लागला तेवढं सांगा, म्हणजे नेमकं बोलता येईल.