वाचकांचे प्रश्न : ज्येष्ठ वाढले, खाटा किती वाढतील?

प्रश्न : २०५०पर्यंत साठीपुढच्या लोकांचं प्रमाण दुप्पट होणार असं वाचलं. मग मुंबईच्या रुग्णालयांत खाटाही दुप्पट लागतील का? (मुलुंड)

प्रमाण दुप्पट होईल हा अंदाज खराच आहे. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३च्या अहवालानुसार देशात २०२२मध्ये ते १०.५ टक्के होतं, २०५०मध्ये २०.८ टक्के होईल. खाटा मात्र त्या पटीत वाढत नाहीत. त्यांचा हिशोब तीन आकड्यांवर चालतो : वर्षाला किती जण भरती होतात, सरासरी किती दिवस राहतात आणि खाटा किती टक्के भरलेल्या ठेवायच्या.

समजण्यासाठी सोयीचे आकडे धरू. एक लाख वस्ती, त्यात १०,००० ज्येष्ठ. हजार ज्येष्ठांमागे वर्षाला १२० जण भरती होतात आणि सात दिवस राहतात. साठीखालचे हजारी ४०, चार दिवस. ज्येष्ठांचे ८,४०० आणि बाकीच्यांचे १४,४०० मिळून २२,८०० खाटदिवस झाले (एक खाट एक दिवस भरलेली म्हणजे एक खाटदिवस). त्याला ३६५ने भागा, मग ०.८५ने. ८५ टक्क्यांपुढे खाटा भरल्या की रात्री अचानक आलेल्या रुग्णाला जागा मिळत नाही, म्हणून हा दुसरा भागाकार. उत्तर ७४ खाटा. आता वस्ती तेवढीच ठेवून ज्येष्ठ १५,००० करा, उत्तर ८५ येतं. ज्येष्ठ दीडपट झाले, खाटा पंधरा टक्क्यांनी वाढल्या.

आता याच हिशोबात ज्येष्ठांचा मुक्काम सहा दिवसांवर आणा : ७९ खाटा पुरतात. आठ दिवसांवर न्या : ९१ लागतात. इकडे-तिकडे एका दिवसात बारा खाटांचा फरक पडला, तोही एकही नवा रुग्ण न वाढता.

हा जास्तीचा दिवस पुष्कळदा उपचारात जात नाही. सोमवारी डॉक्टर ‘घरी न्या’ म्हणतात, पण घरी कमोडची खुर्ची आलेली नसते आणि रुग्णसेवा ब्यूरोची बाई गुरुवारी येणार असते. पडून राहण्याची किंमत जबर आहे. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर दोन्ही पायांचे मिळून जवळपास एक किलो स्नायू गेले. आजारी माणसाचं काय होत असेल याचा विचार करा. ताकद गेली की मुक्काम लांबतो, मुक्काम लांबला की आणखी ताकद जाते.

आणखी एक. आजचे वयोगटवार दर उचलून पुढच्या लोकसंख्येला गुणलं की अंदाज फुगतो. अर्थतज्ज्ञ पीटर झ्वायफेल आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये स्वित्झर्लंडच्या विमा-नोंदींवरून दाखवलं की उपचारांचा खर्च वयापेक्षा मृत्यू किती जवळ आहे यावर जास्त ठरतो. आयुष्य लांबलं की तो शेवटचा खर्चिक काळही पुढे सरकतो. मात्र मधुमेह आणि रक्तदाब चाळिशीतच लागत गेले, तर हाच अंदाज तोकडा पडेल. म्हणून नुसतं ‘खाटा वाढवा’ म्हणण्यापेक्षा घरपोच फिजिओथेरपी आणि परिचर्येवर आधी पैसा घालावा, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : आईला सत्तर पूर्ण झाली. वय वंदना कार्डावर तिची दर महिन्याची औषधं मिळतील का? (बोरिवली)

नाही. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४पासून सुरू झालेलं हे संरक्षण भरती होण्यासाठी आहे : उत्पन्नाची अट नाही, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख. भरतीआधीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस यांचा खर्च त्यात बसतो, ओपीडी नाही. वय आधार कार्डावरून धरतात, तेव्हा जन्मतारीख आजच तपासा. खासगी मेडिक्लेम असला तरी कार्ड काढता येतं. चालू पॉलिसी बंद करू नका.

प्रश्न : सासूबाई (वय ७८) पडल्या, मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, चार दिवसांत डिस्चार्ज. आम्ही लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, संडास सामायिक. काय तयारी करू? (लालबाग)

ऑपरेशनच्या पायावर पूर्ण वजन टाकायचं की नाही, हे आजच डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. सगळा पुढचा व्यायाम त्यावर ठरतो. वजन टाकायला परवानगी असेल तर फिजिओथेरपिस्टकडून जिना तिथेच शिकून घ्या : चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी. वॉकर जिन्यावर वापरायचा नाही. प्रत्येक मजल्याच्या वळणावर खुर्ची ठेवा.

कमोडची खुर्ची पलंगाशेजारी हवी, आणि ती घरी येण्याच्या आदल्या दिवशी आणा. पलंग गुडघ्याच्या उंचीपेक्षा किंचित वर असावा. खाली गादी घालून झोपवू नका.

लघवीची नळी अजून असेल तर ‘कधी काढणार?’ हे रोज विचारा, कारण दर दिवसागणिक जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. रात्री असंबद्ध बोलू लागल्या तर म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका. संसर्ग, बद्धकोष्ठता, रक्तातलं सोडियम घसरणं, झोपेची गोळी, यांपैकी काहीतरी असू शकतं. चष्मा आणि श्रवणयंत्र वॉर्डातही लावून ठेवा.

घरातल्या जुन्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर ओता आणि एकच नवी यादी मागा. पडण्याचं कारण पुष्कळदा त्या पिशवीतच सापडतं : रक्तदाबाच्या गोळीने उठल्यावर दाब घसरतो. उभं राहून मोजायला सांगा. हाड ठिसूळ झाल्याचे उपचारही विचारून घ्या. सळी बसली की ते बहुतेकदा राहूनच जातं आणि दुसरा खुबा मोडण्याचा धोका तसाच राहतो. टाके काढायच्या दिवशीच रक्ततपासणी आणि एक्स-रे उरकून घ्या, म्हणजे तीन मजले एकदाच उतरावे लागतील.