शेक घेतलेला जबडा आणि पायातले हाड

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६१ वर्षे आहे. चार वर्षांपूर्वी गालाच्या कॅन्सरसाठी त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर रेडिएशनचा पूर्ण कोर्स झाला. गेल्या वर्षी त्याच बाजूची एक दुखरी दाढ तालुक्याच्या दवाखान्यात काढली. ती जखम आजवर भरलेली नाही. तोंडात हाड उघडे दिसते, हनुवटीखाली छिद्र पडून त्यातून पू येतो आणि आता जबडा त्या जागी मोडला आहे असे स्कॅनमध्ये दिसते. तुकडा तपासला, कॅन्सर परत आलेला नाही. डॉक्टर म्हणतात की जबड्याचा तो भाग काढून पायातले हाड तिथे बसवावे लागेल. कॅन्सर नसताना एवढे मोठे ऑपरेशन खरोखर आवश्यक आहे का? औषधांनी किंवा ऑक्सिजनच्या उपचारांनी भागणार नाही का? आणि पायातले हाड काढल्यावर ते चालू शकतील का? (सातारा जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : आपल्या वडिलांना जो त्रास होत आहे त्याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. रेडिएशन मिळालेल्या भागात हाड उघडे पडून तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ भरून येत नसेल आणि तिथे कॅन्सर पुन्हा उद्भवलेला नसेल, तर हे निदान केले जाते. तुकडा तपासून घेतला हे अत्यंत योग्य झाले, कारण न भरणारी जखम आणि परत आलेला कॅन्सर डोळ्यांना बरेचदा सारखेच दिसतात.

रेडिएशन कॅन्सरच्या पेशी मारते, परंतु वाटेत आलेल्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही ते सोडत नाही. त्या आतून अरुंद होत जातात, हाड घडवणाऱ्या पेशी कमी होतात आणि आजूबाजूचे मांस घट्ट, तंतुमय बनते. ही प्रक्रिया उपचार संपल्यावर थांबत नाही. ती वर्षानुवर्षे चालू राहते. रॉबर्ट मार्क्स या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९८३ साली मांडले की अशा हाडाला प्राणवायू, पेशी आणि रक्तवाहिन्या या तिन्हींची वाण असते, म्हणून साधी जखमसुद्धा त्याला भरून काढता येत नाही. पुढे फ्रान्समधल्या डॉक्टरांनी तंतुमय बदलांवर अधिक भर दिला आणि त्यातून औषधोपचाराची एक दिशा मिळाली. वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्यालाच हा आजार कितीतरी अधिक होतो, कारण त्याचे हाड अधिक घट्ट असते आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाटा मोजक्या असतात. रेडिएशनची मात्रा ६० ग्रेच्या (ग्रे हे ती मोजण्याचे एकक) वर गेलेली असेल आणि त्यावर दाढ काढण्याची जखम झाली, तर धोका बराच वाढतो. आपल्या वडिलांच्या बाबतीत बहुधा असेच घडले आहे.

औषधांचा उपयोग नाही असे मुळीच नाही. हाडाचा लहानसा भाग उघडा असेल तर तोंडाची स्वच्छता, सुटलेले तुकडे हलक्या हाताने काढणे, संसर्ग असेल तेव्हा प्रतिजैविके आणि पेंटॉक्सिफायलिन व ई जीवनसत्त्व यांची अनेक महिने चालणारी जोडी यांवर बरेच रुग्ण सांभाळले जातात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास मात्र ही जोडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ऑक्सिजनच्या बंद कक्षातील उपचारांवर एकेकाळी मोठी भिस्त होती. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या आजाराच्या रुग्णांना त्यापासून फायदा दिसला नाही. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत, दात काढण्यापूर्वी व नंतर असा ऑक्सिजन दिल्याने आजार टळतो असेही आढळले नाही. काही डॉक्टर निवडक रुग्णांना आजही तो सुचवतात; परंतु आपल्या वडिलांचा जबडा मोडला आहे, त्वचेला आरपार छिद्र आहे, आणि या टप्प्यावर मेलेले हाड कोणत्याही गोळीने किंवा वायूने जिवंत होत नाही. ते तिथे असेपर्यंत पू थांबणार नाही, वेदना थांबणार नाहीत आणि त्यांना नीट खाताही येणार नाही. म्हणून आपल्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो, आणि कॅन्सर नाही म्हणून ही शस्त्रक्रिया कमी गरजेची ठरते असे मला वाटत नाही.

आता प्रश्न उरतो तो पायातल्याच हाडाचा. मेलेला भाग काढून मधल्या जागेत नुसती टायटॅनियमची पट्टी बसवली, किंवा कमरेच्या हाडाचा सुटा तुकडा ठेवला, तर त्याला जगवणारे रक्त आजूबाजूच्या, रेडिएशनने शेकलेल्या मांसातून येणे कठीण असते. पट्टी कातडीतून बाहेर डोकावते, तुकडा सडतो. म्हणून असे हाड हवे की जे आपली धमनी आणि शीर सोबत घेऊन येईल. नडगीच्या बाहेरच्या बाजूला असलेले फिब्युला हे बारीक, सरळ हाड यासाठी फार सोयीचे आहे. त्याचा २५ सेंटिमीटरपर्यंतचा तुकडा मिळू शकतो, त्याच्याबरोबर कातडीचा भागही उचलता येतो आणि आवश्यक तिथे कापून त्याला जबड्याच्या कमानीचा आकार देता येतो. डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ साली खालच्या जबड्यासाठी ही पद्धत मांडली आणि आज जगभर तीच सर्वाधिक वापरली जाते. अनेक ठिकाणी सीटी स्कॅनवरून संगणकावर आधीच आखणी करून हाड नेमके कुठे कापायचे याचे साचे छापून घेतात.

शस्त्रक्रिया ८ ते १२ तास चालू शकते. एक चमू तोंडात व मानेत काम करतो, दुसरा पायावर. सर्वांत नाजूक भाग म्हणजे पायातून आणलेली धमनी व शीर मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक टाक्यांनी जोडणे. रेडिएशन आणि आधीचे ऑपरेशन झालेल्या मानेत चांगल्या रक्तवाहिन्या सापडणे अवघड असते; कधी दुसऱ्या बाजूच्या मानेपर्यंत जावे लागते. हे काम नियमितपणे करणाऱ्या केंद्रातच करून घ्यावे असा माझा आग्रह त्यामुळेच आहे. अनुभवी हातांत बहुतेक हाडे जगतात, तरी काही थोड्या रुग्णांत जोडातून गुठळी होऊन ते हाड गमवावे लागते. पहिले दोन-तीन दिवस रात्रीतूनसुद्धा तासातासाला हाडाबरोबर आणलेल्या कातडीचा रंग, ऊब आणि सुई टोचल्यावर येणारे रक्त पाहिले जाते. त्यात बदल दिसला आणि लगेच पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेले, तर बरेचदा ते वाचवता येते. तेव्हा मध्यरात्री परत नेले म्हणून घरच्यांनी घाबरून जाऊ नये. काही दिवस गळ्यातून श्वासासाठी नळी आणि एक ते दोन आठवडे नाकातून अन्नासाठी नळी असते. शेकलेल्या मांसामुळे टाके उशिरा भरतात, लाळ झिरपू शकते, आणि ही गुंतागुंत रेडिएशन न झालेल्या रुग्णांपेक्षा अधिक दिसते. हे आधीच माहीत असावे.

पायाविषयी आपण निश्चिंत असावे. शरीराचा बहुतेक भार नडगीचे मोठे हाड पेलते. घोट्याजवळ आणि गुडघ्याजवळ ६ ते ७ सेंटिमीटर फिब्युला मुद्दाम ठेवले जाते, म्हणून सांधे स्थिर राहतात. शस्त्रक्रियेपूर्वी पायाच्या रक्तवाहिन्यांचे सीटी अँजिओग्राम करून पाहतात, कारण काही जणांत पावलाचा रक्तपुरवठा याच धमनीवर अवलंबून असतो किंवा मधुमेह व तंबाखूमुळे इतर धमन्या अरुंद झालेल्या असतात. तसे असेल तर दुसरा पाय किंवा खांद्याच्या पात्याचे हाड निवडतात. बहुतेक रुग्ण आठवडाभरात आधार घेऊन उभे राहतात आणि काही आठवड्यांत आधाराशिवाय चालू लागतात. अंगठा थोडा ताठ वाटणे, पावलाच्या बाजूला बधिरपणा आणि पहिले काही महिने जिने चढताना थकवा या तक्रारी सामान्य आहेत. वडील अजून तंबाखू घेत असतील तर आजच बंद करायला लावावी. खर्चाबाबत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारावे.

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी माझे असेच ऑपरेशन झाले. हाड जुळत आहे असे सांगितले आहे. परंतु तोंडात दोन बोटेही जात नाहीत, भाकरी खाता येत नाही, ओठ बधिर असल्यामुळे लाळ गळते आणि दिवसभर गळून गेल्यासारखे वाटते. दात कधी बसवता येतील? (ठाणे येथील एक वाचक भगिनी)

उत्तर : आपल्या पत्रातला थकवा मला प्रथम घ्यावासा वाटतो, कारण त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मानेला रेडिएशन झालेल्या अनेक रुग्णांत पुढील वर्षांत थायरॉइड ग्रंथी मंदावते. आळस, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठता, मन उदास, असे सारे त्यातून होऊ शकते आणि लोक ते ऑपरेशनच्या खाती टाकतात. टीएसएच ही रक्ताची साधी तपासणी लगेच करून घ्यावी आणि पुढे दर ६ ते १२ महिन्यांनी करत राहावी. त्याबरोबर हिमोग्लोबिन आणि वजनही पाहावे.

तोंड उघडत नाही याला नवे हाड कारण नसून चावण्याचे स्नायू रेडिएशनमुळे आखडलेले आहेत. इथे व्यायामाला पर्याय नाही. आपल्या शल्यचिकित्सकांनी हाड पुरेसे जुळल्याचे सांगितल्यावर लाकडी चपट्या काड्या एकावर एक ठेवून, मागच्या दातांमध्ये हळूहळू एकेक वाढवत, दिवसातून अनेकदा थोडा वेळ ताण द्यावा; ज्या बाजूला दात नाहीत तिथे कसे करायचे ते फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे. ताण जाणवावा, तीव्र कळ येऊ नये. प्रगती मिलिमीटरमध्ये होते आणि आठवडाभर व्यायाम सुटला तर कमावलेले निघून जाते, हे मी आपल्याला प्रामाणिकपणे सांगतो. ओठाचा बधिरपणा बहुधा कायम राहील, कारण त्या बाजूची नस जबड्याच्या काढलेल्या भागातूनच जात होती. ठरावीक वेळाने जाणीवपूर्वक आवंढा गिळण्याची सवय आणि आरशासमोर ओठ मिटण्याचा सराव यांनी लाळेचा त्रास पुष्कळ कमी होतो. वाचा-उपचारतज्ज्ञ यात मोठी मदत करतात.

भाकरी जमेपर्यंत पोटाची आबाळ होऊ देऊ नये. मऊ भात व घट्ट वरण तूप घालून, मुगाची खिचडी, नाचणीची खीर, दूध, पनीर, चालत असल्यास मऊ अंडे किंवा काटे काढलेला मासा असे थोडे थोडे पाच-सहा वेळा घ्यावे. तिखट व आंबट कोरड्या तोंडाला झोंबते, ते काही काळ बाजूला ठेवावे.

दातांबद्दल उतावीळ होऊ नये. नव्या हाडाला रेडिएशन मिळालेले नाही, ही आपल्या बाजूची चांगली गोष्ट आहे. त्यात इम्प्लांट (कृत्रिम दातांसाठी हाडात रोवायचे धातूचे खुंट) बसू शकतात. हाड पूर्ण जुळल्यावर, साधारणपणे ६ ते १२ महिन्यांनी, स्कॅन पाहून हा निर्णय घेतात. मात्र फिब्युलाची उंची मूळ जबड्यापेक्षा कमी असते, आतली कातडी जाड व हलती असते आणि तोंड पुरेसे उघडले नाही तर अवजारेच आत जात नाहीत. प्रत्येकाला पक्के दात मिळतातच असे नाही. म्हणून आजचा व्यायाम हीच दातांचीही तयारी आहे. दरम्यान नवे हाड धरून ठेवणाऱ्या पट्टीवरची कातडी लाल झाली, पातळ वाटली किंवा पाणी झिरपू लागले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे.

प्रश्न : माझ्या यजमानांचे रेडिएशन तीन आठवड्यांनी सुरू होणार आहे. दंतवैद्य म्हणतात, खालच्या पाच दाढा आधीच काढाव्यात. त्या दुखत नाहीत. काढणे गरजेचे आहे का? (नांदेड येथील एक वाचक भगिनी)

उत्तर : त्या दाढा हलत असतील, खोलवर किडलेल्या असतील किंवा हिरड्यांनी सोडलेल्या असतील, तर होय, आणि आजच. जखम भरायला रेडिएशनपूर्वी दोन ते तीन आठवडे मिळावेत असा प्रयत्न असतो, म्हणजे आपल्याकडे फारसा अवधी नाही. निरोगी दात मात्र सरसकट काढायचे नसतात; एकेका दाताचे कारण विचारून घ्यावे. पुढे लाळ कमी झाल्यामुळे उरलेले दात झपाट्याने किडतात, म्हणून दंतवैद्यांनी सांगितलेले फ्लोराइड रोज आणि जन्मभर लावायचे. मिश्री किंवा तंबाखू असेल तर ती कायमची थांबली पाहिजे. रेडिएशननंतर कधीही दात दुखला तर तो काढण्याऐवजी रूट कॅनॉल करून दाताचे मूळ जागीच ठेवता येते का, हे आधी पाहावे लागते, आणि हा धोका दहा वर्षांनीही संपत नाही. उपचार संपल्यावर जबड्याच्या कोणत्या भागाला किती ग्रे मात्रा मिळाली याची लेखी नोंद रेडिएशन विभागाकडून मागून घ्यावी आणि पुढे ज्या ज्या दंतवैद्यांकडे जाल, त्यांना तोंड दाखवण्यापूर्वी ती दाखवावी.